पांढरट शी, पिवळे डोळे आणि साठ दिवसांची मुदत: बिलिअरी अट्रेसियाबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांना कसे तयार करावे

तीस हजार लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षाकाठी साधारण साडेचारशे बाळे जन्माला येतात. बिलिअरी अट्रेसिया हा पित्तनलिका बंद पडण्याचा आजार युरोप-अमेरिकेत सुमारे १५,००० ते २०,००० जन्मांमागे एका बाळाला होतो. तैवानमध्ये हे प्रमाण पाच-सहा हजारांमागे एक, म्हणजे बरेच अधिक आहे. पंधरा हजारांमागे एक हे प्रमाण धरले, तर एका केंद्राच्या क्षेत्रात असे बाळ तीस-पस्तीस वर्षांत एकदा जन्माला येईल. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा सिस्टरला आपल्या सगळ्या नोकरीत ते एकदाच भेटेल, कदाचित भेटणारही नाही. हा आजार अनुभवातून शिकण्याची सोय कोणालाच नाही आणि म्हणूनच तो मुद्दाम शिकवावा लागतो. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र चित्र बदलते. वर्षाला चाळीस हजार जन्म होणाऱ्या जिल्ह्यात दरवर्षी दोन-तीन बाळे या आजाराची असतील, आणि ती वेळेत ओळखली गेली की नाही, हे त्यांना दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात कोणी पाहिले आणि पाहून काय केले, यावर ठरेल.

हा लेख तालुका किंवा जिल्हा पातळीवर प्रशिक्षण देणारे बालरोगतज्ज्ञ, वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिका-प्रशिक्षक यांच्यासाठी लिहिला आहे.

आधी आजार स्वतःला नीट समजावून घ्या

या आजारात यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नलिका जन्माच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत सुजतात, आक्रसतात आणि बंद होतात. पित्त यकृतातच साचून राहते, त्यामुळे यकृतात व्रण धरू लागतात आणि काही महिन्यांतच ते निबर, गाठाळ होते. आतड्यात पित्त उतरत नसल्यामुळे शीचा पिवळा रंग जातो, आणि रक्तात साचलेले पित्तद्रव्य (बिलिरुबिन) लघवीतून बाहेर पडत असल्यामुळे लघवी गडद होते. उपचार केला नाही, तर यातली बहुतेक बाळे दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात.

जपानमधील सेंदाई येथील शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर एक शस्त्रक्रिया विकसित केली. बंद पडलेल्या नलिकांचा भाग काढून टाकून आतड्याचा एक वेढा थेट यकृताच्या तळाशी जोडायचा, म्हणजे तिथल्या सूक्ष्म नलिकांमधून पित्त आतड्यात झिरपू लागते. या शस्त्रक्रियेचे यश अनेक गोष्टींवर अवलंबून असते, पण त्यांपैकी आपल्या हातात असलेली गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे बाळाचे वय. साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता चांगली असते; नव्वद दिवसांनंतर ती बरीच घसरते. ज्यांची शस्त्रक्रिया यशस्वी होत नाही किंवा उशिरा होते, त्यांना पुढे यकृत प्रत्यारोपण लागते. जगभरात लहान मुलांच्या यकृत प्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे कारण हाच आजार आहे. भारतात १९९८ मध्ये दिल्लीत लहान मुलावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले, त्या वीस महिन्यांच्या बाळालाही बिलिअरी अट्रेसियाच होता.

बाळ उशिरा का पोचते, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्या

आपल्याकडे यातली बरीच बाळे शल्यचिकित्सकापर्यंत अडीच-तीन महिन्यांनी पोचतात. याचा दोष आईवडिलांच्या अज्ञानावर टाकण्याची सवय आपल्याला आहे, परंतु माझ्या मते ती अन्यायकारक आहे. बाळ पिवळे आहे हे घरच्यांनी बहुधा कोणाला तरी दाखवलेले असते आणि त्यांना उत्तर मिळालेले असते, 'नवीन बाळांना कावीळ असतेच, कोवळ्या उन्हात धरा, होईल कमी.' पहिल्या आठवड्यात हे उत्तर बहुतेक बाळांच्या बाबतीत खरे असते. नंतर तेच उत्तर तिसऱ्या आठवड्यात दुसरे कोणीतरी देते, लसीच्या दिवशी तिसरे कोणीतरी देते, आणि प्रत्येकाला वाटते की आपण पहिल्यांदाच सांगत आहोत. त्यात बाळ अंगाने चांगले असते, दूध पिते, वजनही सुरुवातीला वाढते. आजारी दिसत नाही म्हणून ते आजारी नाही, असा समज होतो.

त्यामुळे प्रशिक्षणाचे खरे काम हे धीर देणारे वाक्य चौदाव्या दिवसानंतर सगळ्यांच्या तोंडून काढून टाकण्याचे आहे. त्याच्या जागी एक कृती बसवावी लागते. आजाराचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही तरी चालेल.

संदेश एकच ठेवा

मी पुढील शब्द सुचवतो: 'चौदा दिवसांनंतर बाळाचे डोळे पिवळे असतील, तर शी आणि शू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि रक्तातले बिलिरुबिन दोन्ही भागांसह तपासा.' याचा पूर्वार्ध आशाताई, अंगणवाडीताई आणि सिस्टर यांच्यासाठी आहे, तर उत्तरार्ध डॉक्टरांसाठी; दोन्ही भाग म्हणजे डायरेक्ट आणि इनडायरेक्ट बिलिरुबिन. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची साधी कावीळ थोडी अधिक रेंगाळते, हे खरे आहे; परंतु हा अपवाद आशाताईंच्या सत्रात आणू नये. शी पांढरट असेल, तर बाळ किती दिवसांचे आहे किंवा कधी जन्मायला हवे होते, याचा विचार न करता त्याला त्याच दिवशी पाठवायचे.

संदेशात 'मल' आणि 'मूत्र' हे शब्द वापरू नका. घरात आई आणि आजी 'शी' आणि 'शू' म्हणतात, तेच शब्द पत्रकावर आणि तोंडी असावेत.

बाळ कोणत्या दिवशी कोणाला दिसते, ते कागदावर मांडा

नवजात बालकाच्या गृहभेटीच्या कार्यक्रमात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. यातल्या शेवटच्या चार भेटी नेमक्या आपल्याला हव्या त्या काळात पडतात, त्यामुळे नवीन योजना, नवीन भेट, नवीन कर्मचारी यांतले काहीच लागत नाही. त्यानंतर सहा आठवड्यांची लस येते. हे शेवटचे दार समजावे, कारण पुढची लस दहा आठवड्यांची, म्हणजे सत्तराव्या दिवशी असते आणि साठ दिवसांची मुदत तोवर उलटून गेलेली असते. शिवाय बेचाळिसाव्या दिवशी शंका आली, तर तपासण्या, प्रवास आणि शस्त्रक्रियेची तयारी या सगळ्यांसाठी हाती जेमतेम अठरा दिवस उरतात. प्रशिक्षणात फळ्यावर ही रेघ आखून दाखवा आणि तिच्यावर या तारखा एकेक करून लिहा. मी जे काही शिकवतो त्यात ही आकृती सर्वांत जास्त लक्षात राहते.

एक अडचण आपल्याकडची आहे. बाळंतीण माहेरी असते आणि नाव सासरच्या आशाताईच्या यादीत असते. एकीला वाटते बाळ इथे नाही, दुसरीला वाटते बाळ आपले नाही. चौदाव्या ते बेचाळिसाव्या दिवसांतल्या भेटी नेमक्या याच काळात गळतात. म्हणून प्रसूतीनंतर घरी सोडतानाच बाळ पुढचे दोन महिने कोणत्या गावी राहणार हे विचारून त्या गावच्या उपकेंद्राला फोनने कळवावे, आणि माता-बाल संरक्षण पत्रकावर पेनाने 'चौदाव्या दिवशी डोळे व शी तपासणे' असे लिहून द्यावे. हे पत्रक बाळासोबत माहेरी जाते. यादी जात नाही.

शीच्या रंगांचे पत्रक

हे सगळ्या कामाचे मुख्य साधन आहे. जपानमध्ये १९९४ मध्ये तोचिगी प्रांतात अशा रंगपत्रकाचा वापर सुरू झाला, आणि २०१२ पासून ते देशभरच्या माता-बाल आरोग्य पुस्तिकेत आहे. तैवानने २००२ मध्ये काही भागांत प्रयोग करून २००४ पासून ते देशभर लागू केले. त्यानंतर तिथे साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचे प्रमाण लक्षणीय वाढले. पत्रक बाळाच्या पुस्तिकेतच असल्यामुळे ते प्रत्येक घरात पोचते, हे तिथल्या यशाचे एक मोठे कारण आहे.

आपण पत्रक तयार करताना सर्वांत मोठा धोका छपाईचा असतो. फिकट पिवळा आणि मातकट पांढरा यांच्यातला फरक बारीक असतो आणि साध्या झेरॉक्समध्ये किंवा शाई संपत आलेल्या प्रिंटरवर तो नाहीसा होतो. त्यामुळे पत्रक एकाच छापखान्यातून, चांगल्या कागदावर, रंग मूळ नमुन्याशी ताडून छापावे आणि त्याच्या झेरॉक्स काढू नयेत, असे त्यावरच लिहावे. एका बाजूला धोक्याचे रंग असावेत: खडूसारखा पांढरा, राखाडी, पुट्टीसारखा, अगदी फिकट क्रीम. दुसऱ्या बाजूला नेहमीचे रंग असावेत: मोहरीसारखा पिवळा, हिरवा, तपकिरी. हिरवी शी पाहून घरचे लोक जास्त घाबरतात आणि पांढरट शी पाहून 'दुधाची शी आहे' म्हणतात. हे उलटे आहे, आणि पत्रकावर तसे स्पष्ट लिहायला हवे.

शी नेहमी उजेडात, दिवसा पाहावी. रात्री पिवळ्या दिव्याखाली पांढरी शीही पिवळसर दिसते, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोतही रंग बदलतो. फोटो पाहून 'ठीक आहे' असे सांगू नये. फोटोचा उपयोग शंका वाढवण्यासाठी करावा, शंका मिटवण्यासाठी करू नये. हेही सांगा की सुरुवातीच्या काही दिवसांत या बाळांची शी पिवळी असू शकते आणि नंतर हळूहळू फिकट होत जाते, म्हणून एकदा पाहून भागत नाही.

शूचे निरीक्षण त्याहून सोपे आहे. तान्ह्या बाळाची शू पाण्यासारखी असते आणि लंगोटावर डाग उरत नाही. लंगोट किंवा दुपटे पिवळे पडत असेल आणि धुऊनही डाग राहत असेल, तर ती धोक्याची खूण आहे. हा प्रश्न आईपेक्षा लंगोट धुणाऱ्या आजीला विचारावा, कारण खरी माहिती तिच्याकडे असते.

आशाताई आणि सिस्टर यांचे सत्र

सत्र चाळीस मिनिटांपेक्षा मोठे करू नये आणि ते मासिक सभेतच घ्यावे. स्लाइड दाखवण्याऐवजी प्रत्येकीच्या हातात पत्रक द्यावे आणि मुलतानी माती, हळद व पीठ कालवून केलेले पाच-सहा रंगांचे नमुने दुपट्याच्या तुकड्यांवर लावून टेबलावर मांडावेत. मग प्रत्येकीने प्रत्येक नमुना पत्रकाशी जुळवावा आणि 'पाठवायचे' की 'नाही' एवढेच सांगावे. मधल्या रंगांवर वाद होतील, तेव्हा ठरवून टाका की शंका असेल तर पाठवायचे. चुकून पाठवलेल्या बाळाची एक रक्ततपासणी होईल, एवढेच त्याचे नुकसान.

डोळे पाहण्याचाही सराव हवा. सावळ्या बाळाच्या कातडीवरून कावीळ कळत नाही. खिडकीजवळ नेऊन डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा लागतो. तान्हे बाळ डोळे मिटून असते, तेव्हा दूध पिताना किंवा जागे झाल्यावर पाहावे.

गावात 'कावीळ उतरवणारे' असतात, माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पाणी पिवळे झालेले दाखवतात. कुटुंबाने ते केले असेल, तर त्यावरून वाद घालण्यात वेळ घालवू नये. आशाताईने एवढेच म्हणावे: 'ते केलेत, हरकत नाही, आज दवाखान्यातही चला.' या आजारात हरवलेला दिवस परत मिळत नाही, म्हणून मी वाद टाळण्याच्या बाजूचा आहे. पोटात देण्याच्या औषधांबद्दल आणि चटके देण्याबद्दल मात्र स्पष्ट नकार हवा.

डॉक्टरांचे सत्र, जे अधिक अवघड असते

इथे मुद्दा एकच आहे, आणि तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो: एकूण बिलिरुबिनचा आकडा फसवतो. समजा, तीस दिवसांच्या बाळाचे एकूण बिलिरुबिन आठ आले. पहिल्या आठवड्यात ज्याने अठरा-वीसचे आकडे पाहिले आहेत, त्याला आठ हा आकडा किरकोळ वाटतो आणि तो बाळाला घरी पाठवतो. पण त्या आठपैकी चार थेट, म्हणजे डायरेक्ट असेल, तर ते यकृताच्या आजाराचे लक्षण आहे. २०१७ मधील आंतरराष्ट्रीय बालयकृतरोग मार्गदर्शक सूचनांनुसार डायरेक्ट बिलिरुबिन डेसिलिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर एकूण आकडा कितीही असो, तपास सुरू करायचा. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या पोटविकार शाखेनेही २०१४ मध्ये नवजात बाळांमधील पित्तरोधावर, म्हणजे पित्ताचा प्रवाह अडण्यावर, एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले आहे. ते प्रत्येक केंद्रात छापून ठेवण्याजोगे आहे.

कातडीवर टेकवून कावीळ मोजणारे यंत्र हे दोन भाग वेगळे करत नाही. म्हणून चौदा दिवसांनंतर त्याच्यावर विसंबू नये. निळ्या दिव्याखाली ठेवूनही ही कावीळ उतरत नाही. कधीकधी कातडीला तांबूस-करडी छटा येते. दवाखान्यात पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्त तपासले असेल आणि डायरेक्ट भाग थोडा वाढलेला दिसत असेल, तर तो कागद फाइलमध्ये पुरून टाकू नये. अमेरिकेतील टेक्सासमध्ये झालेल्या कामातून असे दिसले आहे की या बाळांमध्ये डायरेक्ट बिलिरुबिन जन्मानंतर लगेचच्या तपासणीतही वाढलेले असते. अशा बाळाची तपासणी दोन आठवड्यांनी पुन्हा करावी.

दुसरा फसवा कागद म्हणजे सोनोग्राफीचा. 'यकृत व पित्ताशय सामान्य' असा अहवाल आला, म्हणजे बिलिअरी अट्रेसिया नाही, असे सिद्ध होत नाही. सोनोग्राफी उपाशीपोटी आणि लहान बाळांची सवय असलेल्या तज्ज्ञाकडून व्हावी, पण तिच्या निकालासाठी बाळाला थांबवू नये. शेवटची खात्री बहुधा यकृताच्या तुकड्याची तपासणी आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर पित्तनलिकांत रंगद्रव्य सोडून घेतलेला एक्स-रे यांतूनच होते, आणि हे दोन्ही मोठ्या केंद्रात होते. तालुक्यात एकेक तपासणी करत बसण्यात दोन आठवडे सहज जातात.

अशी कावीळ प्रत्येक वेळी बिलिअरी अट्रेसियाच असेल, असे नाही. रक्तातील जंतुसंसर्ग, लघवीचा संसर्ग, गॅलॅक्टोसेमियासारखे चयापचयाचे आजार, थायरॉइडची कमतरता, पित्तनलिकेची गाठ, यकृताचा दाह अशी कारणे असतात, आणि त्यांपैकी काहींना त्याच दिवशी उपचार लागतो. हीसुद्धा लवकर पाठवण्याच्या बाजूचीच गोष्ट आहे. बाळ मलूल असेल, दूध टाकत असेल, रक्तस्राव होत असेल, तर ते आणीबाणीचे मानावे.

रक्तस्रावाबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. पित्त आतड्यात नसेल, तर व्हिटॅमिन के शोषले जात नाही आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. काही बाळे पहिल्यांदा दवाखान्यात येतात तीच डोक्यात रक्तस्राव होऊन, झटके येऊन. म्हणून जन्मावेळी एक मिलिग्रॅम व्हिटॅमिन के दिले होते का, हे विचारावे. दिले असले, तरी पित्तरोधाची शंका असलेल्या बाळाला पाठवण्याआधी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते पुन्हा द्यावे.

प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांना सत्राला बोलवायला विसरू नका. चौदा दिवसांहून मोठ्या बाळाचे बिलिरुबिन आले, तर डॉक्टरांनी लिहिले नसले, तरी दोन्ही भाग काढून द्यायचे आणि डायरेक्ट एकच्या वर असेल तर फोन करायचा, एवढी एक व्यवस्था बसवली, तरी अनेक चुका तिथेच अडतात.

पाठवण्याचा रस्ता आधीच मोकळा करून ठेवा

प्रशिक्षणाच्या तारखेआधी तुम्ही स्वतः दोन-तीन मोठ्या रुग्णालयांना फोन करा: तुमच्याकडे बालशल्यचिकित्सक कासाई शस्त्रक्रिया करतात का, अशा बाळासाठी ओपीडीचा दिवस पाहावा लागतो की थेट पाठवता येईल, कोणाशी बोलायचे. मिळालेली माहिती एका चिठ्ठीवर प्रत्येक केंद्रात लावा आणि दर सहा महिन्यांनी ती अजून खरी आहे का, ते पाहा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयातील मोफत उपचार आणि वाहनाची तरतूद आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांनाही त्याच दिवशी कळवावे.

पाठवण्याच्या चिठ्ठीवर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत बाळाचे वय दिवसांत लिहावे: 'वय ३८ दिवस'. 'सव्वा महिना' किंवा 'दीड महिना' असे लिहिले की घाई दिसत नाही. त्याखाली एकूण व डायरेक्ट बिलिरुबिन, शीचा रंग आणि व्हिटॅमिन के दिल्याची तारीख लिहावी.

पालकांना काय सांगायचे, हेही चिठ्ठी देणाऱ्यानेच ठरवायचे असते. 'यकृताचा मोठा आजार आहे' असे म्हटले, तर घर हादरते आणि गावातल्या चार जणांचा सल्ला घेण्यात आठवडा जातो. 'काही नाही, एक तपासणी करून या' असे म्हटले, तर सवडीने जातात. मी साधारण असे सांगतो: 'बाळाच्या पित्ताचा रस्ता अडला असण्याची शक्यता आहे. नसेल तर उत्तम. असेल, तर त्यावर ऑपरेशन आहे, पण ते दोन महिन्यांच्या आत झाले तरच चांगले होते. म्हणून उद्या सकाळीच निघायचे आहे.' आईचे दूध बाधले, असे तिला कोणी म्हटले असेल, तर ते खरे नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

नोंद आणि पाठपुरावा

आजार इतका दुर्मीळ आहे की किती बाळे सापडली, यावरून प्रशिक्षणाचे यश मोजता येत नाही. त्याऐवजी चौदा दिवसांनंतर कावीळ असलेल्या किती बाळांची शी पाहून नोंद झाली, त्यांपैकी किती जणांचे बिलिरुबिन दोन्ही भागांसह तपासले आणि ते तपासताना बाळ किती दिवसांचे होते, हे तीन आकडे दर महिन्याला मागवा. कर्मचारी बदलतात, बदल्या होतात, पत्रके फाटतात; म्हणून सत्र दरवर्षी पुन्हा घ्यावे लागते.

शस्त्रक्रिया होऊन बाळ गावी परतले की काम संपत नाही. अशा बाळाला ताप आला, तर तो पित्तमार्गाच्या जंतुसंसर्गाचा असू शकतो आणि त्यात पुन्हा कावीळ होऊन, झालेली शस्त्रक्रिया वाया जाऊ शकते. तापाचे औषध देऊन त्याला घरी ठेवू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि शिरेतून प्रतिजैविके सुरू करावीत. म्हणून रुग्णालयाने घरी सोडताना दिलेल्या कागदाची एक प्रत त्या गावच्या आशाताईकडे असावी, आणि तिच्या वहीत त्या बाळाच्या नावापुढे लाल शाईने लिहिलेले असावे: 'ताप किंवा पांढरी शी: त्याच दिवशी दवाखाना.'